पाण्याला तोलपट्टी नसते

'जलपर्णी' मुंबईचा धक्का सोडून सेशेल्सकडे निघण्याआधी डॉ. मुग्धा खांबेटेने पहिल्यांदाच जहाजावर चढलेल्या प्रवाशांना सभागृहात गोळा केलं. मोठं सामान केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. जीवरक्षक नौकांची कवायत कंटाळवाणी असते, तरी चुकवू नका. बंदरात उतराल तेव्हा जहाजाचं घड्याळ पाळा, मोबाइलचं नको. जहाज जावयासाठीसुद्धा थांबत नाही. शेवटची सूचना तिची स्वतःची होती. ही तोलपट्टी कानामागे लावा आणि समुद्र विसरून जा.

पहिल्या रांगेत तिचे वडील, उल्हास खांबेटे, मान डोलवत होते. वाईला त्यांचं औषधाचं दुकान होतं. पसरणी घाट चढणाऱ्यांना त्यांनी जन्मभर उलटीच्या गोळ्या विकल्या, आणि स्वतः मात्र तो घाट एकदाही धडपणे चढले नाहीत. लहानपणी त्यांच्यापुढे पिशवी धरायचं काम मुग्धाचं असे. माणसाला प्रवासात मळमळतं तरी का, हा प्रश्न तिला त्या एसटीतच पडला होता. त्याचं उत्तर आता तिच्या हातात होतं. या सफरीत पट्टी टिकली तर ती जगभरच्या जहाजांवर जाणार होती; फसली तर प्रयोगशाळेला टाळं. उल्हासरावांनी लेकीच्या भरवशावर पट्टी लावली खरी, पण हातातल्या पिशवीत दुकानातल्या कागदी पिशव्यांचा एक गठ्ठाही ठेवला. चाळीस वर्षांची सवय अशी एका भाषणाने जात नाही.

जहाजाचे कप्तान शाहनवाज मुकादम रत्नागिरीकडचे. आजोबांपासून घराणं दर्यावर. त्यांना पट्टीपेक्षा तिच्यामागचं कारण जाणून घ्यायचं होतं.

"कान म्हणतो आपण हलतोय, आणि डोळा म्हणतो खोली जागच्या जागी आहे," मुग्धाने सांगितलं. "दोन साक्षीदारांचं जमत नाही, म्हणून मेंदूला वाटतं की पोटात विष गेलंय. मग तो पोट रिकामं करून टाकतो. ही पट्टी जहाजाचं हलणं मोजते आणि कानाच्या मज्जातंतूला बरोबर उलटा इशारा देते. कान गप्प बसतो."

पहिल्या पट्टीने सगळीच हालचाल पुसली होती, हेही तिने लपवलं नाही. तेव्हा कुणाला उलटी झाली नाही, पण माणसं उभ्या उभ्या कोसळली, कारण पायही कानाच्याच सल्ल्याने चालतात. म्हणून या नव्या पट्टीत तिने फक्त संथ हेलकावा पुसला होता. त्याला ती मंददोल म्हणे. मळमळ त्याच्यामुळेच होते. झटक्यांची खबर पायांना मिळत राहते.

"म्हणजे मेंदूला वाटणार, आपण घरीच आहोत," कप्तान म्हणाले.

"अगदी तसंच."

"गंमत आहे. दोन महिने रजेवर घरी राहून आलो की सुरुवातीला माझंसुद्धा पोट ढवळतं. अंगाला दर्या पुन्हा शिकवावा लागतो."

मुग्धाला ही माहिती मजेशीर वाटली. ती हसली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. ज्यांनी पट्टी नाकारली होती ते केबिनमध्ये आडवे झाले, आणि पट्टीवाले बटाटेवड्यांवर ताव मारत होते. ते पाहून खलाशीही पट्टी मागू लागले. आधी इंजिनरूममधले आले, मग वरचे अधिकारी. कप्तानांनी आधी स्वतः लावून पाहिली आणि मगच सगळ्यांना परवानगी दिली. मुग्धाने ती हौसेने वाटली. तिच्या आयुष्यातला तो फार सुखाचा दिवस होता.

उल्हासरावांचा एक नेम जहाजावरही सुटला नव्हता. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती घालायची, मगच पहिला घास. वस्तू घसरू नयेत म्हणून जहाजावरच्या टेबलांना उंच कडा असते, त्यामुळे ते पाणी सांडत नसे, नुसतं हिंडत असे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. वाढपी पुसायला धावे आणि मुग्धाला मेल्याहून मेल्यासारखं होई. उल्हासराव मात्र पाणी पुसू देत नसत.

"मी आपला वाईत बसल्यासारखा बसलोय," ते म्हणत, "प्रवास काय तो पाणीच करतंय."

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी फिरवलं आणि घास हातात घेऊन तसेच थांबले.

"मुग्धा, आज पाणी परत येत नाहीये."

पाणी डावीकडच्या कडेशी जाऊन साचलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. मुग्धाने डोळे मिटले. जमीन सपाट लागत होती, अगदी घरच्यासारखी. डोळे उघडले, तर पाणी अजून डावीकडेच. एकीकडे कायमचं कलणं म्हणजे सगळ्यांत संथ मंददोल, आणि मंददोल तर तिने सगळ्यांच्याच कानातून पुसून टाकला होता.

ती धावत सुकाणूकक्षात गेली. जहाजाचा कल दाखवणारा काटा धोक्याच्या घंटेच्या थोडाच अलीकडे होता. तिथल्या अधिकाऱ्याने तो सकाळीच पाहिला होता. बाहेर पावसात क्षितिज दिसत नव्हतं आणि पायांखाली जमीन सरळ, मग काटाच बिघडला असणार, असं समजून त्याने दुरुस्तीचा निरोप धाडला होता. यंत्र आणि पाय यांचं पटलं नाही तर पायांचं ऐका, हा धडा त्याला खुद्द कप्तानांनीच दिला होता.

मुग्धाने बोलावून घेतलेल्या कप्तानांनी कानामागची पट्टी ओढून काढली आणि लगेच कठड्याचा आधार घेतला. आता त्यांना उतार कळला. जहाजाच्या तळाशी तोल राखणाऱ्या पाण्याच्या टाक्या असतात. त्यांच्यामधली एक झडप उघडीच अडकून उजवीकडचं पाणी रात्रभर डावीकडे झिरपत होतं. आणखी थोडं झुकलं असतं तर खालच्या दारांतून समुद्रच आत आला असता. झडप बंद झाली, पंप चालू झाले. उल्हासरावांनी टेबलावरून निरोप पाठवला की पाणी पुन्हा हिंडायला लागलंय. तेव्हा कुठे मुग्धाने श्वास सोडला.

जहाजावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने पट्टी काढावी, असा हुकूम कप्तानांनी दिला. मुग्धाला वाईट वाटलं, पण तो हुकूम योग्य होता. आता चौथा दिवस आहे, अंगाला समुद्राची सवय झालेली असणार, कुणाला त्रास होणार नाही, असं तिने त्यांना ठासून सांगितलं.

सूर्य कलायच्या आत निम्मे खलाशी आडवे झाले. वीस-वीस वर्षं दर्यावर काढलेली माणसं बादल्या शोधत होती. सुकाणूवर उभा राहायला धड माणूस मिळेना. त्यांना पाहून मुग्धाला कप्तानांचं रजेबद्दलचं वाक्य आठवलं. जहाज समुद्रावर होतं, पण पट्टी लावल्यापासून मेंदू घरीच बसून होता. घरी बसलेल्याला सवय कशाची होणार? उलट जुनी सवयही त्याने पुसून टाकली. जो पट्टी लावेल त्याचा प्रत्येक प्रवास पहिलाच असणार होता.

तिने कप्तानांना हे जसंच्या तसं सांगितलं, आणि आपल्या अहवालातही हेच जाईल असंही सांगितलं. प्रयोगशाळेचं काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग कर्मचाऱ्यांच्या पाळ्या ठरल्या. एका पाळीने पट्टी लावून काट्यावर नजर ठेवायची, दुसरीने पट्टीवाचून समुद्र नव्याने शिकायचा. कप्तानांनी स्वतःचं नाव दुसरीत घातलं.

तासाभराने डेकवरच्या एका बाकावर कुणीतरी गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं उल्हासरावांना दिसलं. अंगावर साधा सदरा होता, टोपी नव्हती. उल्हासरावांनी पिशवीतून एक कागदी पिशवी काढली, दुकानात काढत तशी फुंकर मारून उघडली आणि त्या माणसाच्या हातात दिली.

"नजर क्षितिजावर ठेवा," ते मायेने म्हणाले. "पोट अगदी रिकामं ठेवू नका. होतं असं. पहिलाच प्रवास ना?"

कप्तान मुकादमांनी मान वर केली. क्षितिज वर गेलं, खाली आलं.

"हो काका," ते म्हणाले. "पहिलाच."