दोरी किनाऱ्याकडे कलली

उद्या अक्तुमा गावचे अठरा कोळी जाळी घेऊन अराल समुद्राच्या बर्फावर उतरणार होते. बर्फ त्यांचा भार पेलेल का, वारा आणि पाणी काय म्हणतंय, हे आज तिघांनी पाहून यायचं होतं. एक घोडी, एक स्लेज, लगाम धरायला म्हातारा ओस्पान, आणि एकमेकांचं तोंड पाहायला राजी नसलेले वहिनी-दीर!

दामेली एकोणीस वर्षं गावाच्या हवापाण्याची नोंद ठेवत होती. गेल्या हिवाळ्यात 'बर्फ कच्चा आहे' म्हणून तिने सगळ्यांना तीन आठवडे घरी बसवलं. बर्फाला काहीच झालं नाही. शेजारच्या गावाने मात्र सुदाक मासे गाड्या भरभरून नेले. तेव्हापासून ती दुकानात शिरली की बोलणी थांबायची. तिचा दीर सागिंदिक, कोळ्यांचा म्होरक्या, तर तोंडावरच बोलायचा.

"वहिनी, काय दिसणार आहे ते आत्ताच सांगून टाका," किनारा सोडतानाच तो म्हणाला. "उगाच घोडीचे पाय कशाला झिजवायचे?"

"तू गिरमिट चालव. तोंड मागाहून चालव."

ओस्पान खो खो हसला. "तुम्हा दोघांच्या मध्ये बसलं की शेकोटी लागत नाही बघा!"

पहिल्या भोकात बर्फ तीस सेंटिमीटर निघाला, काचेसारखा निळा आणि टणक. दुसऱ्यात अठ्ठावीस. पुढे सव्वीस. वारा पडलेला होता आणि चहूकडे नजर पोचेल तिथवर पांढरं माळरान निपचित पसरलं होतं. दामेलीला ती शांतता रुचत नव्हती.

"सकाळपासून हवेचा दाब उतरतोय," ती म्हणाली.

"गेल्या वर्षीही उतरला होता!" सागिंदिक थुंकला. दामेलीने आकडा वहीत टिपला. ते खरंच होतं.

किनारा चार किलोमीटर मागे पडल्यावर त्यांनी पाचवं भोक पाडलं. दामेलीने झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला आणि खोली मोजायला शिशाचा गोळा बांधलेली दोरी आत सोडली. शेजारीच आणखी एक भोक पाडून सागिंदिकने गळ टाकला. टाकताच हिसका! हातभर लांबीचा सुदाक बर्फावर तडफडू लागला. मग दुसरा. मग तिसरा!

"बघा! बघा, वहिनी!" तो स्लेजकडे धावला आणि लोकरीच्या नमद्याखाली लपवलेलं जाळं बाहेर ओढलं. "मी आजच लावणार हे!"

"पाहणीला आलोय आपण. जाळं कशाला आणलंस?"

"तुम्ही नाहीच म्हणणार, म्हणून!"

तेवढ्यात त्यांच्या पाठीवर वारा आदळला. उत्तरेचा, थेट किनाऱ्यावरून सुटलेला. भुरभुरीत बर्फ पायांलगत सापासारखा सरपटू लागला. दामेलीने दोरीकडे पाहिलं. मघाशी सरळ उभी असलेली दोरी आता किनाऱ्याच्या बाजूला कलत होती.

"प्रवाह ओढतोय तिला," सागिंदिक म्हणाला.

"इकडे ये. हात लाव!"

त्याने कुरकुरत दोरी बोटांत धरली. खाली तळावर शिशाचा गोळा अडखळत, खरडत येत होता. सागिंदिकचा चेहरा उतरला. तळ होता तिथेच होता. निघाले होते ते तिघे! त्यांच्या पायाखालचा बर्फ किनाऱ्यापासून सुटला होता.

"ओस्पानकाका, घोडी वळवा!"

वारा आता समोरून थोबाडीत मारत होता. पापण्या चिकटत होत्या. दामेली लगाम धरून पुढे चालली, आपल्याच भोकांच्या खुणा चाचपडत. चौथं. तिसरं. दुसरं. आणि एकदम घोडी अडली. समोर काळं पाणी! पलीकडे, दोन मीटरवर, किनाऱ्याला धरून राहिलेला बर्फ. फट डोळ्यांदेखत रुंदावत होती.

"स्लेज आडवी टाकायची. रिकामी करा!"

"जाळं नाही टाकणार!" सागिंदिक ओरडला. "नवं आहे ते!"

"मग तू त्याच्यापाशी बस!"

तिनेच जाळं बर्फावर फेकलं, मागोमाग मासे. घोडी सोडली. ओस्पानने लांब दोर तिच्या गळपट्ट्याला बांधला आणि पाठीवर थाप मारली. घोडीने पलीकडे झेप घेतली! मागचे पाय काठावर घसरले, पण ती सावरली. मग तिघांनी रेटून स्लेजचा पूल केला. ओस्पान सरपटत गेला. दामेली गेली. सागिंदिक मध्यावर असताना मागचा काठ कडाडला. स्लेज तिरपी झाली आणि तो छातीपर्यंत पाण्यात!

"दोर धर! सागिंदिक, दोर!"

दामेलीने दोराचं मोकळं टोक फेकलं; पहिल्यांदा त्याचा हात चुकला. दुसऱ्यांदा त्याने दोर मनगटाला गुंडाळला. "हो पुढे, माझी राणी!" ओस्पानने घोडीला हाक दिली, आणि घोडीने त्याला ओंडक्यासारखं बाहेर ओढलं. दामेलीने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट त्याच्यावर टाकला.

"चाल. बसलास तर मरशील."

"कळतंय मला!" त्याचे दात वाजत होते.

मागे जाळं, मासे आणि तो अख्खा पांढरा माळ दक्षिणेला निघून गेला होता.

किनाऱ्यावर उद्यासाठी स्लेज भरणं चाललं होतं. गोठलेली पँट खडखडवत सागिंदिक गर्दीसमोर उभा राहिला.

"उतरवा जाळी! बर्फ पाहून आलोय मी. पुढचं सांगेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही!"

"हे वहिनीचं म्हणणं का?" कोणीतरी खवचटपणे विचारलं.

"वहिनीला काय विचारता? म्होरक्या मी आहे! मी पाहिलं, मी सांगतोय!"

ओस्पानने तोंड उघडलं. दामेलीने त्याला कोपराने ढोसलं.

"असू दे, काका."

"अगं, पण..."

"असू दे. त्याचं ऐकतात ते."

शिव्या देत, आदळआपट करत माणसं जाळी उतरवू लागली. कोटाविना, काखेत हात दाबून, दामेली त्या वाऱ्यात उभी राहिली. शेवटच्या स्लेजवरचं शेवटचं जाळं खाली आलं, तेव्हाच ती घराकडे वळली.