वेलखारचा बांध

पूर्वेला फटफटले तेव्हा माणिकदुर्गाचा दर्याबुरूज धुक्यावर तरंगत होता आणि त्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेली वेलखारची मिठागरे शिशासारखी निस्तेज दिसत होती. खाडीच्या मुखाशी बंडखोर मानसिंग खराड्याच्या तोफा होत्या, जमिनीवरच्या वाटा त्याच्या चौक्यांनी रोखल्या होत्या आणि गडावरची माणसे नाचणीच्या पेजेवर दिवस रेटीत होती.

त्या गडाच्या सदरेवरचा कारकून विसाजी केशव, मिठाच्या व्यापाऱ्याचा गुमास्ता असे सांगून चौक्या चुकवून आलेला, धोतर गुडघ्यांवर खोचून चिखल तुडवीत होता.

"टाच आपटा, पंत, टाच! लेखणी फिरवल्यासारखे पाय काय फिरवताय?" गोमाबाय ओरडली आणि बांधावरच्या बाया खदखदून हसल्या. नवऱ्यामागे या मिठागराचा कारभार तीच पाहत असे.

तिने त्याला सगळे दाखवले. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पहिल्या कुंडात घेतात, ते उन्हाने तापून जड झाले की दुसऱ्यात सोडतात, आणि शेवटच्या कुंडात, जिथली जमीन माणसांनी पायांनी तुडवून फरशीसारखी घट्ट केलेली असते, तिथे मीठ फुलते.

"ही जमीन माझ्या आजेसासऱ्यानं धरली," ती म्हणाली. "एकदा दर्या आत शिरला की पुन्हा धरायला पिढी जाते."

विसाजी नेमके तेच मागायला आला होता. अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला, तर गडाच्या मदतीला येऊन बेटाआड दडलेले आरमाराचे मचवे तोफांचा मारा चुकवून मिठागरांवरून थेट दर्यादरवाजाला लागतील, ही मसलत किल्लेदार रायाजी हंबीरे यांची होती. त्यांनी बेलभंडार उचलून शपथ दिली होती की दरवाजा उघडा असेल.

विसाजीने ती मसलत आणि गडावरची उपासमार सांगितली, तशी गोमाबायने मान वर करून गडाकडे पाहिले.

"तुमच्या किल्लेदाराला मी वळखत नाय. तुमी जामीन?"

"मी जामीन."

"मग कुदळ तुमीच घ्या. बांध घालणाऱ्याच्या हातानं बांध फोडत नायत आमच्यात. परक्याचाच हात लागतो."

अमावास्येच्या सांजेला, ओहोटीने बांधाचे पोट उघडे पडले असता, विसाजीने पहिला घाव घातला. हातांना फोड आले, फुटले, खारे पाणी झोंबले. पण अखेर भेग पडली. अंधारून येताच त्याने मचव्यांना ठरलेली खूण म्हणून मिठाच्या ढिगावर पलिता पेटवला. भरती चढली आणि वर्षानुवर्षे तुडवलेली ती जमीन एका लाटेसरशी पाण्याखाली गेली. मचवे जवळून सरकत गेले तेव्हा एका तांडेलाने त्याला रामराम घातला.

दर्यादरवाजा उघडला नाही.

तांडेलांनी हाका घातल्या, शिंग फुंकले, दगडांवर वल्ही आपटली. आणि तोवर ओहोटी लागून मचवे चिखलात बसले. उजाडताच बुरुजावर खराड्याचे निशाण दिसले. हंबीऱ्यांनी गड आदल्या दिवशीच बोलणी करून खराड्याला दिला होता, आणि नजराणा म्हणून हे आरमार! माणिकदुर्गाच्याच तोफा माणिकदुर्गाच्या वाटेवर आलेल्यांवर धडाडल्या.

विसाजी कमरेएवढ्या चिखलात शिरला. त्याच्यामागे गोमाबाय शिरली आणि मग सारा गाव. तोफांच्या धुराआड फळ्या टाकून, दोर लावून त्यांनी जितके जिवंत हाती लागले तितके ओढून काढले आणि मिठाच्या खोपटांत गवताखाली दडवले. उरलेल्यांच्या किंकाळ्या हळूहळू थांबल्या.

"तुमाला ठाव होतं?" तिने धापा टाकीत विचारले.

"नाही."

ती आणखी काही बोलणार, तोच गडावरून चोपदार आला. मागे भालाईत होते, पालखी होती आणि तबकात जरीचा शिरपाव.

"किल्लेदारसाहेब फर्मावतात," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "की विसाजीपंतांनी बांध फोडून जी चाकरी बजावली, तिला तोड नाही. आपणांस सदरेवर मुजुमदारी बहाल झाली आहे. तत्पूर्वी आम्हांस ही खोपटे धुंडाळायची आहेत. कोणी जिवंत निसटले असल्यास..."

एका खोपटातून कण्हण्याचा आवाज आला आणि कुणीतरी मोठ्याने खोकून तो झाकला.

विसाजीने शिरपाव उचलला. चिखलाने माखलेल्या अंगावर त्याने तो ओढला आणि आयुष्यात कधी हसला नव्हता इतक्या मोठ्याने हसला.

"चोपदार, आमच्या कामावर भरवसा नाही? एक जीव सुटलेला नाही. खोपटांत मिठावाचून काही नाही. चला, साहेबांना मुजरा करायला उशीर नको."

चोपदार वरमला. पालखी उचलली गेली, भालाईत मागोमाग गेले. विसाजीने मागे वळून पाहिले नाही, कारण पाहिले असते तर त्याचा चेहरा भालाइतांनाही दिसला असता.

गवत बाजूला सारून माणसे बाहेर आली ती डोळ्यांत रक्त उतरलेली. फटींतून त्यांनी सगळे पाहिले-ऐकले होते. गोमाबायने पुन्हा पुन्हा सांगितले की त्याच माणसाने तुम्हांला चिखलातून ओढले.

"बाय," तोच रामराम घालणारा तांडेल म्हणाला, "शिरपाव घेऊन हसताना आम्ही त्याला डोळ्यांनी पाहिला."

ती माणसे सुखरूप आपापल्या बंदरांना पोचली आणि जिथे पोचली तिथे विसाजीचे नाव थुंकून घेतले जाऊ लागले. पावसाळा सरताच वेलखारकरांनी नवा बांध घातला, जमीन तुडवली. पाणी झिरपतच राहिले. कुंडांत खारफुटीची तिवरे माजली. दोन हंगामांनी आगर सोडून जाताना सुनेने विचारले, तो पंत खरा कसा होता?

गोमाबायने डोक्यावरचे बोचके सावरले.

"ठाव होतं का इचारलं, तर मला नाय म्हणाला होता," ती म्हणाली. आणि थोडे अंतर चालून गेल्यावर, जणू स्वतःलाच, "पण हसला मात्र लय."