चौथ्या मजल्याचं कार्ड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत.

रात्रबित्र नव्हती, बरं का. मंगळवार होता. भर दुपारचे साडेतीन.

मामा एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन होते. भारी कडक. पाहुणा आला की वहीत नोंद, वर फोन, मगच पास. पास लावल्याशिवाय चौथ्या मजल्याचं दार उघडतच नाही. त्या दाराआड रेकॉर्ड रूम, आणि तिथे दिवसभर एकटी काम करायची मामांची मुलगी. त्यांनीच शब्द टाकून तिला चिकटवलं होतं.

त्या दिवशी मुलाखतींची गर्दी. सगळे पास संपलेले. तेवढ्यात एक माणूस आला. साधा, नीटनेटका, हळू बोलणारा.

"चौथ्या मजल्यावर एक सही घ्यायचीय. दोनच मिनिटं."

मामांनी वही पुढे केली. वर फोन लावला... लाइन बिझी. मागे रांग ताटकळलेली. मामांना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, गळ्यातलं स्वतःचंच कार्ड काढून दिलं. फोटोसकट.

"लगेच आणून द्या हं. नाहीतर माझी नोकरी जाईल."

माणसाने कार्डावरचा फोटो बघितला. मग मामांचा चेहरा बघितला... बराच वेळ. आणि लिफ्टकडे गेला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली...

मामांनी वही ओढली. नावाचा रकाना कोरा.

'कोणाला भेटायचं' तिथे त्यांच्या मुलीचं नाव होतं. घरी हाक मारतात ते.

मामांनी परत रिसीव्हर उचलला. वर फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली...

लिफ्ट चौथ्यावरच थांबलेली. मामा जिन्याने धावत सुटले.

दार बंद. त्यांनी धडाधड ठोकलं.

आतून मुलीचा दबका आवाज आला. "कोण आहे?"

"अगं मी, बाबा. दार उघड."



"बाबा तर इथे आहेत. माझ्यासमोर बसलेत."



आणि मग आतून दुसरा आवाज आला... मामांचाच.

"उघडू नकोस, बाळ. बाहेर कुणीतरी भलताच आहे."

मामा वेड्यासारखे दारावर धक्के मारत राहिले. लोक जमले. साहेबांनी किल्ली आणली.

आत मुलगी एकटीच होती. खिडकीला गज. दुसरं दार नाही. समोरच्या खुर्चीवर कार्ड पडलेलं.

नोकरी गेली. त्याचं मामांना काही वाटत नाही.

पण आता संध्याकाळी मामा घरी आले, की मुलगी दार उघडत नाही. मामीला उघडायला लावते. ते आत आले की लांब उभी राहून... आधी त्यांच्या हातांकडे बघते.

काय बघते, ते तिने अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मामांची विचारायची हिंमत होत नाही.

परवा मी तिथेच बसलो होतो. मामा आले, आणि मीही आधी त्यांचे हात बघितले.