एका जन्माची साक्ष

“मॅडम, साक्षीदार गायब आहे. आणि अकराला सुनावणी आहे.”

फोनवर वकिलाला धाप लागली होती. फौजदार बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ. टेबलावर तीन चोऱ्यांचे जबाब पडून होते, हवालदार रजेवर होता आणि जीप चालू करायला धक्का मारणारी दोन माणसं लागत होती.

“कोण साक्षीदार?”

“सुईण आजी. म्हातारी आहे. एकटी राहते. मी तिला न्यायला आलो तर दाराला कुलूप.”

“गेली असेल कुठे शेजारी.”

“मॅडम, तिचे दोन्ही गुडघे गेलेत. ती दारातल्या पायरीवरून उतरतानाही माणसाचा हात धरते. आणि आज तिची साक्ष झाली नाही ना, तर एका मुलीचं आयुष्य मातीत जाईल.”

बाईंनी जबाब ड्रॉवरमध्ये कोंबले. ड्रॉवर नेहमीप्रमाणे बंद होईना. लाथ मारून तो बंद केला आणि त्या निघाल्या.

आजीचं घर तळमजल्यावर होतं, एकाच खोलीचं. वकील दारात येरझाऱ्या घालत होता. तरुण होता आणि कोटाची बाही उसवली होती. त्याने भरभर सांगून टाकलं.

मुलीचं नाव घरात-दारात ‘चिमणी’ एवढंच. तिला देश नाही. आई नदीपलीकडून आलेली. पलीकडचे म्हणतात ही आमची नाही, इकडचे म्हणतात आमचीही नाही. आई वारल्यावर थोरल्या भावाने तिला वाढवलं. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. तंत्रशाळेत तिला जागा मिळालीय, पण नागरिकत्वाशिवाय प्रवेश नाही.

“मग द्या ना नागरिकत्व. कोणी अडवलंय?”

“कायद्यानेच. जन्म इथला असेल तर मिळतं. पण जन्म डोळ्यांनी पाहिलेला माणूस उभा करावा लागतो. आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत निकाल लागला पाहिजे.” वकिलाने डोकं खाजवलं. “ती उद्या अठराची होते.”

“आणि हे तुम्हाला आज आठवलं?”

“आम्ही दोन वर्षांपूर्वी अर्ज दिलाय, मॅडम. तारीख त्यांनी आजची दिली.”



शेजारची शिंपीण चावी घेऊन आली. आजी बाहेर जाताना चावी हिच्या खिडकीत ठेवायची. आजही ठेवली होती.

“तुम्ही पाहिलंत त्यांना जाताना?”

“नाही बाई. माझं मशीन भिंतीकडे तोंड करून. पण ऐकलं. कुलूप ओढून पाहिलं तिने दोनदा, नेहमीसारखं. आणि हसली.”

“हसली? कोणाशी?”

“दुसरा आवाज काही आला नाही. पण एकटं कोण हसतं हो?”

खोलीत झटापटीची खूण नव्हती. अंथरूण घडी केलेलं, चहाचा कप धुवून पालथा घातलेला. खुंटीवर एक हँगर रिकामा होता.

“तिथे तिचे ठेवणीतले कपडे असायचे,” शिंपीण म्हणाली. “मीच शिवलेले. साक्षीसाठीच काढून ठेवले होते.”

बाईंनी छोटा फ्रिज उघडला. दूध, अर्धं लिंबू, भाताचं भांडं. दाराच्या कप्प्यात औषधाचं खोकं होतं, पण रिकामं.

“हे कशाचं?”

“डोळ्यांत घालायचं औषध. मोतीबिंदू काढलाय ना महिन्याभरापूर्वी. सकाळ, दुपार, रात्र घालायचं. आणि थंडच ठेवावं लागतं. अजून नीट दिसत नाही बिचारीला, पाट्याबिट्या तर वाचताच येत नाहीत.” शिंपीण फळीकडे पाहत थबकली. “थर्मासही दिसत नाही इथला.”

बाईंनी रिकामं खोकं हातात फिरवलं. भरलेला थर्मास घेऊन अपहरण करणारा चोर त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“कोणाशी भांडण?”

“त्या चष्मेवाल्या शेठशी. मागच्या आठवड्यात आला होता. म्हणाला, आजी, चार दिवस हवापालट करून या, मी गाडी देतो. हिने चप्पल दाखवली त्याला.”

वकिलाचा चेहरा उजळला. “मॅडम, तोच! चिमणी त्याला अर्ध्या पगारात मिळते. कागद हातात आले की ती उद्याच सोडून जाईल.”

“चला,” बाई म्हणाल्या.

कारखान्यात सगळीकडे काचेचा पांढरा चिखल होता. शेठ आपल्या केबिनमध्ये भिंग लावून फ्रेमचा स्क्रू पिळत होता.

“सुईण कुठे आहे?”

“मला काय माहीत? मी काय तिचा जावई आहे?”

“तुम्ही तिला गाडी देऊ केली होती.”

“केली होती. चूक झाली. हात दाखवून अवलक्षण.” त्याने भिंग काढलं. “मॅडम, खोटं बोलणार नाही. म्हातारी हरवली ऐकून मला बरंच वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. पण मी सकाळी सातपासून इथे आहे. चिमणीही इथेच होती, दहापर्यंत. विचारा तिला.”

“सुनावणीच्या दिवशीसुद्धा कामावर?”

“अर्ध्या दिवसाची रजा म्हणजे अर्धाच दिवस.”

बाईंना त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. पण माणूस नीच आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, ही या नोकरीतली सगळ्यात मोठी अडचण होती.

सुनावणीच्या कार्यालयात लांब बोळ होता आणि बोळाला एकच बाक. चिमणी बाकावरून ताडकन उठली. तिच्या नखांत काचेची पूड होती.

“आजी सापडली? बरी आहे ना? पडली तर नाही ना कुठे?”

“अजून नाही सापडली. बस.”

शेजारी तिचा भाऊ बसला होता. पंचविशीतला, रुंद हातांचा, तेलकट डागांची पँट. लिफ्ट दुरुस्त करायचा तो. काम उत्तम, पण परवाना ठेकेदाराच्या नावावर. याला परीक्षेलाच बसता येत नव्हतं.

“सुनावणीचे साहेब किती वाजता उठतात?” त्याने विचारलं.

“पाचला,” वकील म्हणाला. “मी हातापाया पडून आपली केस शेवटी ठेवून घेतलीय.”

बाईंनी प्रश्न सुरू केले.

“आजीला शेवटचं कोण भेटलं?”

“मी,” चिमणी म्हणाली. “रात्री औषध घातलं डोळ्यांत. आम्ही आलटूनपालटून जातो. रात्री मी, सकाळ-दुपार दादा.”

“आज सकाळी गेला होतास?” बाई भावाकडे वळल्या.

“नाही जमलं. कामावर होतो. मागच्या रस्त्याला नवी इमारत झालीय ना, तिथली लिफ्ट बसवतोय. अजून कोणी राहायला आलेलं नाही, पण मालकाला घाई.”

“तुझा नागरिकत्वाचा अर्ज?”

“माझ्या वेळी हा कायदा नव्हता, मॅडम. जन्म इथला धरून तात्पुरता परवाना दिलाय. दरवर्षी वाढवून घ्यायचा.”

बाईंनी आजीच्या दूरच्या भाच्याला फोन लावला. तो शेकडो मैलांवर स्वतःच्या दुकानात होता आणि सुनावणी वगैरे त्याच्या गावीही नव्हती. दोन्ही हॉस्पिटलं झाली, बसथांबा झाला. कंट्रोल रूममधला शिपाई दर वेळी “होल्ड करा” म्हणून फोन ठेवून देत होता. म्हातारी हवेत विरल्यासारखी नाहीशी झाली होती.

दुपारी बाई बोळात परतल्या तेव्हा बाकावर चिमणी एकटीच होती.

“दादा कुठाय?”

“पाणी प्यायला गेलाय. बराच वेळ झाला.”

पाण्याचं पिंप बोळाच्या टोकाला समोरच दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं. थोड्या वेळाने तो जिन्याने वर आला, कपाळावर घाम. येताच त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“साहेब जेवून आले का?”

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, “जीपमध्ये बस. चिमणी, तूही चल. वकीलसाहेब, तुम्हीपण.”

नव्या इमारतीच्या दाराशी सिमेंटची पोती होती. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी खडूने लिहिलेली पाटी टांगली होती.

“चालू कर,” बाई म्हणाल्या.

तो हलला नाही.

“मॅडम, हे काय चाललंय?” चिमणीने विचारलं.

“सांगते. सकाळपासून मी पळवून नेलेली म्हातारी शोधतेय. तिथेच चुकले. तिने ठेवणीतले कपडे घातले, कुलूप ओढून पाहिलं, हसत हसत गेली. म्हणजे ती साक्षीलाच निघाली होती, आणि विश्वासाच्या माणसाचा हात धरून. शेठबरोबर ती मेली तरी गेली नसती. वकिलांनी न्यायचं ठरलं होतं, पण कोणीतरी आधी येऊन सांगितलं, ‘आजी, मीच न्यायला आलोय.’”

“पण कोणी?”

“ज्याला ठाऊक होतं की दुपारी तिच्या डोळ्यांत औषध पडलं पाहिजे, आणि ते थंड राहिलं पाहिजे. म्हणून थर्मास. औषध घालणारी माणसं दोनच. तू दहापर्यंत कारखान्यात होतीस. आणि आज दुपारी औषधाच्या वेळेला तुझा दादा पाणी प्यायला गेला, तो घामाघूम होऊन आला.”

“दादा तिची काळजी घेतो! तो कशाला—”

“घेतोच. म्हणून तर पकडला गेला. तू मला पहिलं काय विचारलंस? आजी बरी आहे ना. याने एकदाही विचारलं नाही. रोज तिच्या डोळ्यांत औषध घालणारा माणूस, तिचं काय झालं असेल हे विचारत नाही. साहेब कधी उठतात, एवढंच विचारतो. कारण ती बरी आहे हे त्याला माहीत होतं. त्याला फक्त पाच वाजायला हवे होते.”

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. “गुडघे गेलेल्या बाईला डांबायला कुलूप लागत नाही. वर न्यायचं आणि लिफ्ट बंद करायची. ती उतरणार कशी? दिसत नाही तिला, पाटी वाचता येत नाही. कुठल्या इमारतीत आणलंय तेही कळणार नाही. एकच कळत नाहीये मला. का?”

भावाने खिशातून किल्ली काढली. पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली, नीट, आवाज न करता.

“साहेब प्रत्येक साक्षीदाराला एक प्रश्न विचारतात,” तो म्हणाला. “माझ्या मित्राच्या सुनावणीला ऐकलाय मी. ‘त्या वेळी आईला आधीची मुलं किती होती, आणि ती कुठे जन्मली?’ आजी खोटं बोलत नाही.”

“मग?” चिमणी म्हणाली. “तूही इथलाच ना?”

“नाही गं. आईने मला कडेवर घेऊन नदी ओलांडली. तू इथे झालीस. मला आठवतंय ते पाणी.”

त्याने किल्ली फिरवली. लिफ्टचं यंत्र वरच्या मजल्यावर कुठेतरी घरघरू लागलं.

“परवाना जाईल माझा. मला कोंडतील. सोडणार तरी कुठे? पलीकडे घेत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर.”

“आणि मी?” चिमणीचा आवाज चिरका झाला. “माझं काय होणार होतं?”

“मला वाटलं... तू माझ्यासारखी जगशील. मी जगतोच आहे ना.”

तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. तो मागे सरला नाही.

पाचव्या मजल्यावरच्या रिकाम्या दालनात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, सुईण आजी ताठ बसली होती. मांडीवर थर्मास, शेजारी बिस्किटांचा पुडा. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वळवली.

“आला का माझा नंबर?”

“आजी, सकाळपासून इथेच बसून आहात? शंका नाही आली काही?”

“कसली शंका, पोरी? सरकारी काम म्हणजे थांबणं आलंच. तरी हे हापिस चांगलं आहे. कोणी खेकसलं नाही.”

बाईंना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

पाचला दहा कमी असताना आजी साहेबांसमोर उभी राहिली. मुलगी इथेच जन्मली, विटांच्या भट्टीमागच्या खोपटात, नाळ मी कापली, असं तिने स्वच्छ सांगितलं. मग साहेबांनी तो प्रश्न विचारला. आजीने दाराकडे पाहिलं. तिला भाऊ नुसता ठिपका दिसत असेल.

“एक मुलगा होता. सहा-सात वर्षांचा. तो इथे नाही झाला.” तिने हाताने कमरेएवढी उंची दाखवली. “पण साहेब, रात्रभर पाणी गरम ठेवायला चुलीत काटक्या त्यानेच सारल्या. एवढंएवढं पोर.”

“तेवढं पुरे,” साहेब म्हणाले.

चिमणीला नागरिकत्व मिळालं. त्याच सहीच्या पेनाने भावाचा परवाना रद्द झाला.

“याला ताब्यात घ्या,” साहेब बाईंना म्हणाले.

“घेते. पुढे कुठे पाठवू?”

“ज्या देशाचा आहे तिथे.”

“तो देश कोणता, तेही सांगा.”

“ते माझं काम नाही,” म्हणत साहेब उठले. पाच वाजले होते.

बोळात बाईंनी आजीला विचारलं, “तक्रार द्यायचीय? डांबून ठेवल्याची?”

“मला कोणी डांबलं? मी थांबले होते.” आजीने थर्मास वकिलाच्या हातात दिला. “चला, घरी सोडा मला.”

एक गुन्हा असा हातातून गेला. उरला तो देश नसल्याचा, आणि त्याला बाईंकडे कलम होतं पण उपाय नव्हता. रात्रभर त्यांनी वरिष्ठांना फोन केले. सगळ्यांनी एकमेकांचे नंबर दिले. सकाळी एका कंटाळलेल्या अधिकाऱ्याने मान्य केलं: जामीन मिळू शकतो, तीन महिन्यांचा, दर सोमवारी हजेरी. काम करायची परवानगी मात्र नाही. आणि जामीनदार सज्ञान नागरिक हवा.

“याच्यासाठी कोण नागरिक उभा राहणार?” बाई फोनवर ओरडल्या.

दारात चिमणी उभी होती. डोळे सुजलेले, वेणी न घातलेली. आज ती अठराची होती.

“कुठे सही करायची?” तिने विचारलं.

तिने हळूहळू, प्रत्येक अक्षर दाबून सही केली. नागरिक म्हणून ही तिची पहिलीच सही. शिपायाने कोठडी उघडली. भाऊ बाहेर आला आणि बहिणीपासून चार हात लांब उभा राहिला.

“तू तंत्रशाळेत जाणार ना?” त्याने खाली बघत विचारलं.

“जाणार. सकाळी शाळा, दुपारी कारखाना. पूर्ण पगारावर. शेठला सांगून आलेय.” तिने नाक पुसलं. “तू घरी बसशील. स्वयंपाक करशील.”

“चिमणे, मी—”

“बोलू नकोस. मी बोलणार नाहीये तुझ्याशी. कधी बोलेन तेही माहीत नाही.” ती दाराकडे वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. “पण घरी चल.”