डोमाच्या घराचा दोर

मस्कतच्या त्या खोलीत मला अकरा दिवस झाले होते. सहावा मजला, एक खिडकी, समोर पिवळट इमारत. मी तिथल्या एका दवाखान्यात रक्त तपासते. शेजारच्या टेबलावरची मुलगी कोरोना पॉझिटिव्ह निघाली आणि मला चौदा दिवस कोंडलं. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून माणूस असा पळ काढायचा, जसं काही मी त्याला चावणार होते. मला त्याचा राग येत नव्हता. माझा सगळा राग बंद पडलेल्या विमानांवर होता.

मे महिन्यात मला घरी पोचायचंच होतं. घर म्हणजे आरमोरीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला टेकलेलं आमचं ढिवरांचं, मासेमारांचं गाव. उन्हाळ्यात पाणी कंबरेवर आलं की सगळं गाव मिळून एकच मोठं जाळं ओढतं. प्रत्येक घराचा एक दोर. तो घरच्याच माणसानं धरायचा, मजूर चालत नाही. आणि ज्या घराचा दोर सलग दोन उन्हाळे रिकामा राहिला, त्या घराचा तलाव सुटला. मग मासा नाही, शिंगाडा नाही, काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबा, म्हणजे डोमा, खाटेवर होते, आणि आमचा दोर रिकामा राहिला. दिवाळीच्या आधी गेले. मी एकुलती एक. आई गुडघ्यांनी अधू. पाळ चढतानाच तिला दोनदा बसावं लागतं. "माझ्या पगारावर जग," असं मी एकदा म्हणाले, तर आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. ढिवराच्या बाईनं बाजारातून मासा आणायचा, यापेक्षा तिला मरण बरं.

त्या सकाळी इकडे साडेसात वाजले होते, तिकडे नऊ. गावात व्हिडिओ दिसेल एवढी रेंज येते ती पाळीवरच्या मोहाच्या झाडाखालीच. आई तिथं फोन तलावाकडे धरून बसली होती. कोरोनामुळे पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाच्या तोंडाला दुपट्टा, आणि दोन माणसांत चार हात अंतर. गढूळ पाणी, वर पांढरं ऊन.

"देवाजीभाऊले सांग ना वो माय," मी म्हटलं. "विमानंच बंद आहेत, त्यात आपला काय दोष?"

"सांगतलं ना दामिनी. ते म्हणते, तलावाले विमान काय समजते?"

देवाजीभाऊ जाळ्याचे म्होरके. ते सगळ्यांच्या पुढे, पाण्याकडे तोंड करून उभे राहतात आणि एकेका घराला हाक देतात. घर 'हाव' म्हणालं की पुढचं घर. मागे वळून तोंडं बघायची नाहीत, अशी रीत आहे. ओ देईल तो घरचा.

"हरिदासचं घर?"

"हाव."

"डोमाचं घर?"

हरिदासकाका आणि पलीकडचा श्रावण यांच्या मधली जागा मोकळी होती. आमचा दोर पाण्यावर सैल पडला होता. पाळीवर कोणीतरी खोकलं.

"हाव!" मी म्हणाले.

ठरवून नाही. लहानपणी बाबांच्या आधी मीच ओरडायचे, ती सवय. फोनचा आवाज मोठा होता. देवाजीभाऊंनी मान हलवली आणि श्रावणचं घर पुकारलं. झालं! आता माघार नव्हती. आणि मग मला पुढची रीत आठवली. ओ न देणाऱ्या घराचा दोर शेजारच्या दोराला बांधून घेतात. आम्ही ओ दिली होती, म्हणून तो कोणी बांधला नाही. त्या एका सैल दोरातून सगळ्या गावाचा मासा निघून गेला असता, तोही असल्या वर्षी.

"ओढा!"

आमचा दोर पाण्यातून वर आला. आधी थेंब गळाले. मग तो सरळ झाला, इतका ताठ की त्यावरचं शेवाळ तुटून उडालं. कंबरेच्या उंचीवर, मोकळ्या जागेत.

चित्र अडकलं. सुटलं.

श्रावण मान वळवून दुसरीकडे बघत होता.

दोर हातहात मागे येत होता.

"ओढ! ओढ!" मी खिडकीशी ओरडत होते. कोणाला, ते तेव्हा मनातही आलं नाही.

जाळं काठाला लागलं आणि पाणी उसळलं. रोहू, मरळ, हाताएवढे मासे. पोरं चिखलात लोळून ते धरू लागली. एवढा मासा मी जन्मात पाहिला नव्हता. "आलं!" आई रडत हसत होती. "आपलं घर राह्यलं वो पोरी! डोमाचं घर राह्यलं!" मी त्या सहाव्या मजल्यावर एकटी नाचले. एका विषाणूनं सगळं जग बंद केलं होतं, आणि आमचा दोर खाली पडला नव्हता. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मग मी हात पाहिले. वळ असतील असं वाटलं होतं. वाटलं कशाला, मला ते हवेच होते. दोन्ही तळवे कोरडे, स्वच्छ. एक ओरखडा नाही.

मी आईला फोन हरिदासकाकांकडे द्यायला लावला.

"काका, आमच्या दोराले कोण होतं?"

"मी बाजूले पाह्यलंच नाई," ते म्हणाले. "पण ताकद लई होती. माह्या हातातलाबी दोर ओढून घेत होतं."

दुपारी मी आईला साधाच फोन लावला. तेलात मासा पडल्याचा चरचर आवाज येत होता. कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत होती.

"माय, खरं सांग. दोर कोणं ओढला?"

"तूच ओढला ना. काऊन असं इचारून राह्यली?"

"मी तर इथी आहे."

मग तिनं तोंड फोनपासून फिरवलं, आणि मला लहानपणी रागवायची त्याच आवाजात म्हणाली, "दामिनी, पाय पूस आधी. सारं घर वलं केलंस."