काळ्या थेंबाखालचा डाव

मामाच्या घरी मागच्या खोलीत एक टेबल होतं. त्या टेबलाकडे मामीने बघायचं नाही, असा नवरा-बायकोत न बोलता झालेला करार होता. मामा चष्म्याच्या दुकानात कामाला. आठवडाभर लोकांच्या चष्म्याच्या वाकड्या काड्या सरळ करायच्या, फरशीवर सांडलेले बारके स्क्रू शोधायचे, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून पुन्हा स्क्रूच फिरवायचे. हातात मावणारे ते स्वस्तातले गेम असतात ना, जुन्या नावाजलेल्या यंत्रांची नक्कल केलेले, रस्त्यावर ढिगाने मिळणारे, ते तो आणायचा. उघडून त्यात चांगली बॅटरी, उजळ पडदा, नीट दाबली जाणारी बटणं बसवायचा. डब्यावर ‘चारशे खेळ’ असं छापलेलं असायचं. आत बघावं तर खेळ दहा, बाकीचे तेच, नाव बदलून. तरी मामाचा जीव त्या डबड्यांत. भाची त्याला पेचकस मामा म्हणायची आणि त्याला ती पदवी वाटायची.

एका रविवारी दुपारी जेवण उरकून, पेचकसांची पिशवी खांद्याला लावून, तो थोरल्या बहिणीकडे निघाला. काम दहा मिनिटांचं, येताना भाजी आणतो, असं मामीला सांगून निघाला.

काम काय, ते सांगायला हवं. ताईचे यजमान, म्हणजे मामाचे भाऊजी, जाण्याआधी कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. वेळ जावा म्हणून मामानेच त्यांना असला एक गेम नेऊन दिला होता. त्यातला एकच खेळ भाऊजींना आवडला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून रचायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते आणि एक छोटीशी धून वाजते. सकाळ-संध्याकाळ त्या खोलीतून टुक टुक, टुक टुक. भाऊजी गेले, पण टुक टुक काही गेलं नाही. कपाटात ठेवलेला गेम आपोआप सुरू व्हायचा, ठोकळे पडायचे, धून वाजायची. ताई घाबरली असती तर बरं झालं असतं. ती रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून ऐकत बसायला लागली. जेवण तुटलं, झोप उडाली, अंगावरचे कपडे लोंबायला लागले. भाचीने आपल्या घरी आईसाठी खोली लावून ठेवली होती, किती वेळा न्यायला आली, पण ताईचं एकच पालुपद.

“हे खेळतायत गं. मध्येच कशी उठून जाऊ?”

शेवटी भाचीने मामाला गाठलं. आई अशीच बसून राहिली तर बाबांच्या मागोमाग जाईल, असं म्हणून ती रडली. मामाच्या मते दुखणं अगदी साधं होतं. स्विचमध्ये घाण साचली की असला माल आपसूक सुरू होतो. रोग स्विचला आणि जागरण ताईला, असं तो हसत म्हणाला.

हसू फार टिकलं नाही. त्या डबड्याचे स्क्रू लोण्याचे केले असावेत. पेचकस लावला की डोकं गुळगुळीत. एक निघाला, दुसरा अडला, तिसरा मामाने पक्कडीने उपटला तेव्हा प्लास्टिकचा कोपरा तुटून उडाला. शेजारी बसलेली ताई फक्त “हळू रे” म्हणाली, दुखऱ्या माणसाला कूस बदलायला लावताना म्हणतात तसं. मामाने स्विच स्पिरिटने पुसला, घासला, जोडून दिला आणि भाजी घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाचीचा फोन. गेम रात्रभर वाजला होता.

आता ही मामाच्या इभ्रतीची गोष्ट झाली. त्याने स्विच बदलला. गेम वाजला. त्याने बटणांखालचं रबर नवं घातलं. गेम वाजला. दुकानात त्याने एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला दुसऱ्याचीच काच बसवली आणि मालकाची बोलणी खाल्ली. त्याला झोपेत स्क्रू दिसायला लागले. अखेर तो ताईला म्हणाला की हे घरी नेल्याशिवाय होणार नाही. ती गेम सोडेना. दोन दिवसांत आणून देतो, अशी शपथ घेतल्यावर तिने तो रुमालात गुंडाळून दिला.

पुढच्या रविवारची दुपार. बाहेर आभाळ भरलेलं, हवा जागची हलत नव्हती. मामी शेजारणीकडे गेली होती. मामाने मागच्या खोलीत टेबलावरचा दिवा लावला, भिंगाखाली गेम उघडला आणि आधी स्पीकरच्या दोन्ही तारा कापल्या. ना राहील बांबू, ना वाजेल बासरी, असं तो स्वतःशीच पुटपुटला. तेवढ्यात पडद्यावर ठोकळे पडायला लागले, ओळ भरली आणि धून वाजली. बारीक, अगदी तळाहून आल्यासारखी. स्पीकर त्याच्या तळहातावर पडलेला होता.

कधीकधी सुटे भागही कंप पावतात, हे मामाला माहीत होतं. त्याने बॅटरी काढली. पडद्यावर ठोकळे पडतच राहिले. आत थोडी वीज साठून राहते, हेही त्याला माहीत होतं. तो स्वयंपाकघरात गेला, चहा केला, उभ्या उभ्या प्याला, कप विसळून ठेवला आणि परत आला. ठोकळे पडत होते. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. त्याने बटणं काढली, रबर काढलं, पडदा तेवढा ठेवून सगळं उचकटून टेबलभर पसरलं. सर्किटच्या हिरव्या पाटीवर फक्त एक काळा थेंब उरला.

नकली गेममध्ये चिप उघडी नसते. तिच्यावर डांबरासारखा एक थेंब ओतलेला असतो, वाळून दगड झालेला. त्याच्याखाली काय दडलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. मामाचा त्या थेंबावर जुना राग होता. बाकी सगळं बदलता येतं, सुधारता येतं, त्याला मात्र हात लावता येत नाही.

दाबायला बटण नव्हतं, तरी ठोकळे डावीकडे सरकत होते. वळत होते. उजव्या कडेला एक उभी फट मोकळी सोडून बाकी सगळं नीट रचलं जात होतं. लांब ठोकळ्यासाठी ती फट राखायची भाऊजींची रीत होती, आणि मामाला ती कधीच पटली नव्हती. त्यावरून दोघांचे वाद व्हायचे. आता मामाच्या नाकात वास शिरला. सोल्डरिंगचा डाख देताना येतो तो राळेचा नव्हे. मलमाचा, औषधांचा, बंद खिडकीच्या खोलीचा वास.

“भाऊजी…?”

पडता ठोकळा मध्येच थांबला.

मामाला भीती वाटली, आणि तिच्याहून जास्त चीड आली. इतके दिवस स्क्रूंवर, स्विचवर काढलेली सगळी चीड.

“ताई वाळत चाललीय, भाऊजी… तिला जाऊ द्या आता.”

ठोकळा तसाच अधांतरी राहिला. दिव्याचा बारीक गुणगुणाट तेवढा ऐकू येत होता. मग तो ठोकळा खाडकन तळाला येऊन बसला, हट्टी माणसाने खालचं बटण दाबून धरल्यासारखा, आणि पुढचा पडायला लागला.

मामाने हात टेकले. दुरुस्ती संपली होती. कपाटात तसलाच, त्याच कारखान्यातला दुसरा गेम पडला होता. त्याने त्याची पाटी पडद्यासकट काढून भाऊजींच्या जुन्या कवचात बसवली. तुटका कोपरा तसाच ठेवला, त्यावर ताईने चिकटवलेली पट्टी तशीच ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला काडीचा फरक कळला नसता. मग जुनी पाटी त्याने टेबलाच्या कडेला बसवलेल्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये धरली, लोखंडी जबड्यात तो काळा थेंब आला, आणि मामा दांडा आवळत गेला. थेंब तडकला. पडदा विझला. धून वाजली नाही, काहीच वाजलं नाही. मामा घामाने भिजून खुर्चीत बसला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर आपण हात उचलला, असं त्याला वाटत राहिलं. त्याने पाटीचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि डबा तेव्हाच बाहेर नेऊन रिकामा केला.

संध्याकाळी ताईने रुमाल सोडला, गेम सुरू केला, कानाशी धरला. थोडा वेळ ऐकलं आणि मांडीवर ठेवून दिला.

“ह्यात हे नाहीत.”

मामा काहीबाही बोलायला गेला, जमेना, आणि मग त्याने खरं ते सांगून टाकलं. ताई रागावली नाही. ती रिकाम्या पलंगाकडे बघत राहिली.

“मग आता हे कुठे जातील?”

दोन दिवसांनी ताईने स्वतःहून पिशवी भरली आणि ती लेकीकडे राहायला गेली. भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता, इतकी ती खुशीत होती. आई उन्हं वर येईपर्यंत झोपली, उठल्यावर मागून घेऊन खाल्लं, नातवाची वेणीफणी केली, कारण त्याचे केस वाढलेत आणि आजीला करमणूक हवी, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. टेबलाला त्याने आठवडाभर हात लावला नाही. सुधारणा करण्याची हौसच जरा फिटली होती.

त्या शनिवारी दुकान लवकर बंद झालं. ऊन अजून रस्त्यावर होतं. मामा घरी आला, उंबऱ्यात बूट काढायला वाकला. मामी ओट्याशी भाजी चिरत होती, तिची पाठ दाराकडे.

“आता बरं वाटतंय का?” तिने न वळताच विचारलं.

“मला काय झालंय?”

मामी वळली. तिने त्याच्या पायातला बूट पाहिला, खांद्यावरची पिशवी पाहिली. सुरीवरचा हात थांबला.

“तुम्ही… आत्ता येताय?”

मामाने मान हलवली.

“मघाशी मागच्या खोलीतून उशी मागितलीत ना… पाठीला. आवाज बसला होता तुमचा. दारातून हात पुढे केलात, मी दिली. हात किती गार होता… म्हटलं, पांघरूण आणू का?” मामीचा स्वर खाली खाली गेला. “तर म्हणालात, नको. ताईला बोलावून घे.”

मागच्या खोलीचं दार बंद होतं. त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि कपाट, पलंग नव्हताच. तरी आतून, कुणीतरी जड अंगाने कूस बदलावी तशी पलंगाची फळी करकरली.

मामाने तोंड उघडलं, पण विचारायचं ते विचारायची गरज पडली नाही. मामी आधीच रडायला लागली होती.

“मला काय माहीत हो… मी लगेच फोन केला. ताई निघाल्यासुद्धा.”