निकेलचा रिपोर्ट

लिफ्टचं दार उघडलं आणि मी सरळ त्याच्यावर आदळले. त्याच्या हातातला डबा उलटला, हाडांत बसवायचे मोठाले स्क्रू फरशीवर खणखणत पसरले. तो ऑपरेशनच्या साहित्याचं स्टोअर सांभाळायचा, एवढंच मला ठाऊक होतं. दोघंही गुडघे टेकून स्क्रू वेचायला बसलो.

“तुमच्याच प्रयोगशाळेत तपासायला आणत होतो. आता स्टीलचे कुठले, टायटॅनियमचे कुठले… माझी वाट लागली.”

मी एकेक तळहातावर घेऊन वेगळा करू लागले. “टायटॅनियम हलकं असतं. जवळजवळ निम्मं.”

“नुसत्या हाताने कळतं?”

“धातू कळतात. माणसं नाही कळत.”

“त्याला सराव लागतो,” तो हसला. “मला रोज यावं लागेल.”

आणि तो खरंच येऊ लागला. शरीरात बसवलेला धातू शरीराला मानवतो का, हे तपासणं माझं काम. तो काहीतरी निमित्त काढून दारात उभा राहायचा. त्याची यायची वेळ झाली की मी उगाच केस सारखे करायचे.

मग ती आली. पोहायला शिकवायची. मोडलेल्या हातात स्टीलची पट्टी बसवलेली, पण हाड जुळत नव्हतं आणि वरची कातडी लालभडक. जंतूंची लागण नव्हती.

“स्टीलमध्ये निकेल असतं ना? तिला तेच बाधत असेल का?” त्याने विचारलं.

“रक्त तपासून सांगते. तुमच्या कोण या?”

“आमचं लग्न ठरलं होतं… तीन वर्षांपूर्वी. मोडलं.”

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात दोघं दिसले. तिची बॅग त्याच्या खांद्यावर. तिला एका हाताने जमेना म्हणून तो तिच्या बाटलीचं झाकण उघडून देत होता. ती देखणी होती आणि एवढं दुखत असूनही हसत होती. दोन्ही गोष्टी मला सहन होईनात.

तिच्या रक्तातल्या पेशी मी निकेलसोबत ठेवल्या होत्या. त्या चांगल्याच चवताळल्या. टायटॅनियमसोबत ठेवलेल्या मात्र शांत. रिपोर्ट सकाळीच तयार झाला. तो लगेच वॉर्डात डॉक्टरांकडे पाठवायचा असतो. मी घडी घालून खणात टाकला.

“आला का रिपोर्ट?” त्याने दुपारी विचारलं.

“उद्या.”

कामाबद्दल मी पहिल्यांदाच खोटं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी तीच प्रयोगशाळेत आली. बाही वर केली. हात सुजलेला, खाजवून ओरखडे उठलेले.

“आज तरी कळेल का हो? डोळ्याला डोळा लागत नाही.”

मी खण उघडला. कागद तिच्या हातात ठेवला.

दोन दिवसांनी तिची पट्टी बदलली, टायटॅनियमची बसवली. त्याच संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं.

“दाबून ठेवला? का?”

“तुम्ही तिची बॅग उचलली म्हणून.”

तो हसला नाही. “हे तुम्ही तिला सांगायला हवं,” म्हणाला आणि निघून गेला.

मी वॉर्डात गेले, तिला सांगितलं. तिने बँडेज बांधलेला हात जवळ ओढून घेतला.

“मी तुमची तक्रार करू शकते.”

“करा.”

“नाही करणार. पण पुन्हा कुणाच्या बाबतीत असं करू नका.” मग हळूच म्हणाली, “मीही खूप जळायचे. नर्सवर, त्याच्या शेजारणीवर… तो कुणाशी दोन शब्द बोलला तरी. आमचं लग्न त्यापायीच मोडलं.”

तीन आठवडे तो फिरकला नाही. दारात पाऊल वाजलं की माझी मान वर व्हायची, आणि दुसराच कुणी असायचा.

मग एका दुपारी आला.

“तिचं हाड जुळतंय,” दारातूनच म्हणाला. “माझा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही.”

“बरोबर आहे.”

तो घुटमळला. “पण… मलाही एक कबूल करायचंय. गेल्या महिन्यात तुमची दुसरी खुर्ची नाहीशी झाली ना?”

“हो. सगळीकडे शोधली.”

“मीच नेली. त्वचेचे डॉक्टर रोज तिच्यावर बसून तुम्हाला हसवायचे.”

मी मायक्रोस्कोपवर वाकले, तोंड लपवायला.

“आणून ठेवा.”

“त्यांच्यासाठी?”

“तुझ्यासाठी,” मी म्हणाले.